पुस्तकातील माणसे ओळखताना

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे : अमुक पात्राचे स्वभावविशेष लिहा. त्याची उत्तरेही आता ठरून गेली आहेत. आई असेल तर प्रेमळ, शेतकरी असेल तर कष्टाळू, गुरुजी असतील तर वरून कडक पण आतून मृदू, सावकार असेल तर लोभी. पुस्तक कोणतेही असो, सात-आठ विशेषणांची एक पिशवी मुलांच्या खांद्याला अडकवलेली असते. तीतून दोन-तीन काढून पात्राला चिकटवली की गुण मिळतात. परीक्षेपुरते हे चालून जाते. परंतु ज्या मुलाने 'प्रेमळ' हा शब्द लिहिला, त्याला ती बाई समजली आहे काय, याचा त्या शब्दावरून काहीच पत्ता लागत नाही.

आपल्या शाळेत सायंकाळच्या वंदनेनंतर आणि भोजनापूर्वी वाचनाचा एक तास असतो, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेलच. लाखांदूरपासून तुमसरपर्यंतच्या गावांतून आलेली ही मुले. कित्येकांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही. या तासाला मुलांना पुस्तकातील माणसे कशी समजावीत, यासंबंधी आम्ही भाषाशिक्षकांनी जे करून पाहिले आणि त्यातून जे हाती आले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणापुढे ठेवीत आहोत.

पात्र म्हणजे काय, हे आपल्या भागातील मुलांना मुळापासून शिकवावे लागत नाही. दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. झाडीपट्टीच्या रंगमंचावर खलनायक पाऊल टाकतो तेव्हा वाद्यांचा ठेकाच बदलतो, आणि प्रेक्षकांतील पाच वर्षांचे पोरही आईच्या पदराखाली सरकते. कोण कसा आहे, हे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ठाऊक झालेले असते. या नाटकांनी आपल्या मुलांना पुष्कळ दिले आहे. माणसाचा राग, लोभ, त्याग पाहण्याची सवय त्यांना तेथेच लागली. मात्र पुस्तकातील माणूस वाजतगाजत येत नाही. तो कधी बरा वागतो, कधी वाईट, आणि कित्येकदा एकाच पानावर दोन्ही. अशा वेळी मुले गोंधळतात आणि घाईने त्याला एका बाजूला ढकलून मोकळी होतात.

ही घाई कशी थांबवावी, याचा सर्वांत चांगला धडा आम्हांला बाबासाहेबांच्याच एका लिखाणाने दिला. आठवीच्या वर्गाबरोबर आम्ही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटे आत्मकथन मराठी अनुवादातून वाचतो. 1935-36 च्या सुमारास ते इंग्रजीत लिहिले गेले. 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्यातील पहिली हकीकत 1901 सालची आहे. वडील सातारा जिल्ह्यात कोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे, असे वडिलांनी कळविले. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे नि चकचकीत टोप्या घालून निघाली आणि सायंकाळी मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला मात्र कोणीच आले नव्हते.

येथे पहिली अडचण येते ती मुलांच्या आदराची. त्यांच्या मनातले बाबासाहेब म्हणजे चौकातील पुतळा, हाती राज्यघटना, बोट पुढे. ते नऊ वर्षांचे होते, नव्या टोपीने हरखले होते, रात्री त्या गाडीत सगळी मुले रडली होती, हे ऐकताना मुले अस्वस्थ होतात. एका विद्यार्थ्याने तर पुस्तकात चूक असावी असेच सांगितले. ज्या जिल्ह्यातून बाबासाहेबांनी 1954 साली लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले, त्या भंडाऱ्यातली ही मुले. त्यांच्यापैकी काहींच्या घरी तो काळ पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. तरीही थोर माणूस घाबरू शकतो, हे मान्य करायला त्यांना वेळ लागतो. आम्ही तो वेळ देतो. जोवर तो पोरगा त्यांना आपल्या वर्गातल्या पोरासारखा दिसत नाही, तोवर पुढची माणसे दिसणारच नाहीत.

मग स्टेशनमास्तर. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून त्याला ती ब्राह्मणांची वाटतात. त्याला त्यांची कीव येते. तो विचारपूस करतो आणि रीतीप्रमाणे जात विचारतो. भीमराव पटकन खरे सांगून टाकतो. मास्तरचा चेहरा पालटतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो. येथे आम्ही पुस्तक मिटतो. वह्या काढायला सांगतो. प्रश्न एवढाच : खोलीत तो काय करीत असेल?

पुस्तकात याचे उत्तर नाही, म्हणूनच हा प्रश्न विचारण्याजोगा. बहुतेक मुले लिहितात की तो हातपाय धूत असेल. काही लिहितात की तो शिव्या देत असेल. एका मुलीने लिहिले होते, की तो घड्याळाकडे पाहत बसला असेल. मुलांचे वडील तेवढ्यात आले तर आपल्याला काहीच ठरवावे लागणार नाही, अशी आशा करीत. आम्हांला वाटते, त्या दिवशी त्या मुलीला वाचन आले.

पुस्तक पुन्हा उघडले की मुलांना धक्का बसतो, कारण मास्तर परत येतो. 'दुष्ट' या रकान्यात टाकलेला माणूस परत येऊन विचारतो की तुम्ही आता काय करणार. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या आहेत, पण मुलांची जात तोवर सगळ्या गाडीवानांना कळली आहे. दुप्पट भाडे देऊ म्हटले तरी कोणी तयार नाही. शेवटी मास्तरच तोड काढतो : मुलांनी दुप्पट भाडे द्यावे, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. एक गाडीवान कबूल होतो.

आता हा माणूस चांगला की वाईट? या प्रश्नावर वर्ग दुभंगतो आणि वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत वाद चालतो. त्या वादात भर घालण्यासाठी आम्ही दोनच गोष्टी विचारतो. पहिली : या तोडीची किंमत कोणी मोजली? मास्तरने काही मोजले नाही. त्याचा विटाळ टळला. गाडीवानाला दुप्पट पैसे मिळाले आणि त्याचाही विटाळ टळला. कासरा आला तो पोरांच्या हाती, भाडे गेले ते त्यांच्याच खिशातून. दुसरी : त्याला आणखी काय करता आले असते आणि त्याने ते का केले नाही? रात्रभर मुलांना स्टेशनावर निजू देता आले असते. सोबत कोणी विश्वासू माणूस धाडता आला असता. पात्राने जे केले ते पुस्तकात छापलेले असते. जे केले नाही ते वाचकाने शोधायचे असते. मुलांना ही दुसरी पाहणी एकदा जमली की विशेषणांची पिशवी ती आपोआप खाली ठेवतात.

गाडीवान तर याहूनही अवघड. तो चार-पाच मैल पायी चालतो आणि मग एकाएकी उडी मारून गाडीत बसतो, मुलांच्या हातातून कासरा घेतो. ज्याने विटाळाच्या भयाने गाडी नाकारली होती, तोच त्यांना खेटून बसला. का बसला, हे मुलांनी त्याला विचारण्याचे धाडस केले नाही, आणि लेखकानेही त्याच्या मनातले काही रचून सांगितलेले नाही. वर्गात चार उत्तरे हटकून येतात. पाय दुखले असतील. बैल त्याचे होते, पोरांच्या हाती त्यांची काळजी वाटली असेल. कीव आली असेल. आणि चौथे, जे दरवर्षी कोणी ना कोणी उच्चारतेच : संध्याकाळ उलटली होती, रस्त्यावर पाहणारे कोणी नव्हते. म्हणजे विटाळ अंगाला लागत नाही, तो लोकांच्या डोळ्यांत असतो. हे वाक्य तेरा वर्षांच्या मुलांकडून ऐकताना आम्ही गप्प राहतो. त्यावर शिक्षकाने भाष्य करण्याजोगे काही उरत नाही.

त्याच गाडीवानाने पुढे नाक्यावर मुलांना सल्ला दिला, की पाणी हवे असेल तर आपण मुसलमान आहोत असे सांगा. मुलांनी तसे सांगितले. नाकेदाराने तरीही पाणी नाकारले आणि डबा भरलेला असताना चौघे उपाशी निजले. सल्ला देणारा गाडीवान मदत करीत होता की स्वतःवरची जबाबदारी झटकीत होता? आमच्यात अद्याप एकमत नाही, आणि ते व्हावे अशी घाईही नाही. एक माणूस मात्र मुले नेहमी विसरतात, तो म्हणजे वडिलांचा नोकर. मुले येत असल्याचे पत्र त्याच्याकडे आले होते. ते त्याने वडिलांना दिलेच नाही. त्याच्या मनात द्वेष नव्हता, होता तो निव्वळ हलगर्जीपणा. त्या रात्रीची सुरुवात तेथून झाली. वर्गात हे नाव घेतले की काही क्षण शांतता पसरते. आदल्या दिवशी कोणाचा तरी निरोप द्यायला विसरलेली दोन-तीन मुले खाली पाहू लागतात.

पालकसभेत एकदा एका वडिलांनी आम्हांला थेट विचारले, "ज्यानं आमच्या बापाले पानी नाही देल्लं, त्याच्या मनात शिरून आमच्या पोरायनं काय कमवाव जी?" प्रश्न रास्त होता आणि तो अनेकांच्या मनात होता. समजून घेणे म्हणजे माफ करणे, असा एक समज आपल्याकडे आहे. आम्हांला तसे वाटत नाही. न्यायाधीशाला आरोपीचा हेतू तपासावाच लागतो. तो तपासल्याने गुन्हा पुसला जात नाही, उलट नीट सिद्ध होतो. आणि दुसरे असे, की जे मूल अन्याय हा फक्त खलनायकाच्या मिशांवरून ओळखायला शिकते, त्याला पुढे आयुष्यात अन्याय ओळखता येत नाही. आमचे माजी विद्यार्थी नागपूर-पुण्याच्या महाविद्यालयांत गेले, कार्यालयांत गेले. तेथे त्यांना नाकेदार क्वचित भेटले. भेटले ते स्टेशनमास्तरच. गोड बोलणारे, आडनाव विचारणारे, मग थोडा वेळ खोलीत जाऊन परत येणारे, आणि सर्वांची सोय होईल पण खर्च आपल्याच माणसाच्या अंगावर पडेल अशी तोड सुचविणारे. त्यांपैकी कित्येकांनी आम्हांला हे पुढे येऊन सांगितले आहे. असा माणूस पुस्तकात एकदा नीट पाहिलेला असला, तर प्रत्यक्षात तो भेटल्यावर मूल स्वतःला दोष देत बसत नाही.

साने गुरुजींची 'श्यामची आई' आम्ही याच वर्गात, याच्यानंतर वाचतो. हा क्रम जाणूनबुजून ठेवलेला आहे. नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेले आणि 1935 साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. आमच्या मुलांनाही ते आवडते. आईपासून दूर राहणाऱ्या मुलांना ते का आवडू नये? वाचताना प्रत्येक मूल श्याम होते. पाय मळू नयेत म्हणून हट्ट धरणारा श्याम, पाण्याला भिणारा श्याम, सगळे आपलेच. आणि मग तो प्रसंग येतो, ज्यात एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडते, ती उचलून डोक्यावर द्यायला कोणी पुढे होत नाही आणि आई श्यामला जायला सांगते. आई थोर आहे, यात शंका नाही. त्या काळी, त्या गावात, ब्राह्मणाच्या घरातून हे सांगायला धैर्य लागत होते. परंतु तिला शिवल्यावर आंघोळ करायची, हे त्या घरात गृहीतच आहे.

आतापर्यंत श्याम असलेले मूल येथे अडखळते. कारण मोळी पडलेली ती बाई त्याची पणजी असू शकते. पुस्तकात तिला नाव नाही. ती काय बोलली असेल, घरी जाऊन तिने कोणाला काय सांगितले असेल, हे तेथे नाही. या ठिकाणी आम्ही मुलांना तिच्या तोंडून तोच प्रसंग लिहायला सांगतो. काहींनी तिला त्या मुलाला आशीर्वाद देताना दाखविले. एकाने लिहिले, की ती श्यामच्या आंघोळीचे ओळखून होती आणि तरी तिला बरे वाटले, आणि बरे वाटल्याचाच तिला राग आला. हे लिहिणाऱ्या मुलाला परीक्षेत 'स्वभावविशेष' या प्रश्नात फारसे गुण पडत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

असे वाचले म्हणजे 'श्यामची आई' हे पुस्तक लहान होते, असे कोणी समजू नये. आम्ही मुलांना लगेच हेही सांगतो, की तो श्याम मोठा होऊन त्या आंघोळीपाशी थांबला नाही; पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण केले. आईने जेथवर नेले त्याच्या पुढे मुलगा गेला. पात्र एका प्रसंगात गोठवून ठेवायचे नसते, हे मुलांना याहून चांगले कोण शिकविणार?

लहान वर्गांना इतके पेलत नाही, पेलायची गरजही नाही. पाचवी-सहावीसाठी अंगुलिमालाची कथा पुरते. ती सर्वांना पाठ असते आणि सर्वांची एकाच जागी संपते : डाकू भगवंतांना शरण गेला, सुधारला. पाली परंपरेत मात्र कथा तेथे संपत नाही. भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याच्यावर दगड-ढेकळे येऊन आदळतात. डोके फुटलेला, पात्र भंगलेला, चीवर फाटलेला असा तो परततो, आणि तथागत त्याला ते सहन करायला सांगतात. आम्ही मुलांना विचारतो, दगड मारणारे चुकले का? ज्यांच्या घरची माणसे त्याने मारली होती, त्यांना तो बदलला हे कसे कळावे? दहा वर्षांची मुले यावर जी भांडतात, ती ऐकण्यासारखी असतात. प्रसववेदनांत अडकलेल्या स्त्रीसाठी त्याच अंगुलिमालाने सत्यवचन उच्चारले, हा भाग आम्ही दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवतो.

भाषेविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या ध्यानात आले, की पुस्तकातील जे पात्र गावरान बोलते ते मुलांना विनोदी किंवा अडाणी वाटते. मग ते कितीही शहाणे असो. ही दृष्टी मुलांची स्वतःची नाही. दूरदर्शन मालिकांतील गड्याने आणि मोलकरणीने ती त्यांना दिली आहे. विशेष म्हणजे ही मुले स्वतः घरी पाण्याला 'पानी'च म्हणतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी मोठे परिश्रम घेतले. ते वर्गाबाहेर राहू नयेत. म्हणून आम्ही अण्णाभाऊ साठ्यांच्या 'फकिरा'तील संवाद मुलांकडून मोठ्याने वाचून घेतो, आणि मग तेच संवाद झाडीबोलीत म्हणायला लावतो. फकिरा झाडीबोलीत बोलू लागला की कोणी हसत नाही. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा तो माणूस चोर होता की कोण, हा वाद मग त्यांच्याच भाषेत होतो आणि खरा होतो.

आता पालकांसाठी. 'आमाले वाचता येत नाही, आमी का सांगाव?' असे म्हणणाऱ्या आया आम्हांला दरवर्षी भेटतात. रोवणीला पंचवीस बायकांच्या रांगेत उभी राहणारी, बिड्या वळता वळता सट्टेदाराची नियत ओळखणारी बाई माणसे वाचण्यात आमच्याहून कमी नाही. सुटीत मूल घरी आले की त्याला पुस्तकातील गोष्ट सांगायला लावावी, आणि मध्येच अडवून विचारावे, तिनं असं काहून केलं? मूल म्हणेल, पुस्तकात नाही. मग म्हणावे, तुला काय वाटते? एवढे पुरे. गोष्टीचे तात्पर्य विचारू नये. ते शाळेत विचारले जातेच. आजी-आजोबांना त्या पात्रासारखे कोणी भेटले होते का, हे मुलानेच त्यांना विचारावे असेही आम्ही सुचवितो. गेल्या उन्हाळ्यात पवनी तालुक्यातल्या एका मुलाने आपल्या आजोबांकडून अशाच एका गाडीवानाची गोष्ट ऐकून, लिहून आणली. ती आम्ही वर्गाच्या हस्तलिखितात घेतली आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. वाचनतासासाठी एकेका पुस्तकाच्या निदान दहा प्रती लागतात, म्हणजे तिघा-तिघांत एक येते. सध्या बहुतेक पुस्तकांच्या दोन किंवा तीन आहेत. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर', शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ', प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' आणि वर आलेली पुस्तके यांची गरज अधिक आहे. नवी प्रतच हवी असे नाही. आपण वाचलेली, समासात खुणा केलेली प्रत मुले जास्त कुतूहलाने उघडतात. आणि भंडाऱ्याकडे येणे झाले तर सायंकाळी सहाला वर्गात येऊन मागच्या बाकावर बसावे. सध्या आठवीची मुले मसूरच्या स्टेशनावर आहेत.